नकाशावरचे गोल

निळ्या नकाशावर झाडं म्हणजे गोल.
कंपासनं काढलेले, एकाच मापाचे,
दोनशे बारा.
कोपऱ्यात सही, सदुसष्ट साल,
आणि सगळ्या इंग्रजीत एकच मराठी ओळ:
कुंपण घालू नये.

मी मोजायला आलेय.
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, टेप, फॉर्म:
क्रमांक, जात, घेर, शेरा.

वीज केंद्राची जुनी वसाहत, भुसावळच्या पुढे.
दुमजली इमारती, सपाट माथ्याच्या,
प्रत्येकीनं शेजारणीपासून अंग जरा तिरकं केलेलं,
पश्चिमेचं ऊन कुणाच्याच तोंडावर नको म्हणून.
जिन्याला सिमेंटची जाळी.
मे महिन्यात तिची सावली
पायऱ्यांवर शंकरपाळ्यांसारखी कापून पडायची.
आम्ही तिच्यावर बसायचो,
मांडीला चटकाही चौकटी चौकटीनं.

घरं थोडी, मोकळं फार.
रावेरचे वामनमामा आले की विचारायचे,
"भो, एवढी जमीन पडीक काहून ठेवली?"
बाबा टर्बाइनवर फिटर. मान ताठ करून सांगायचे,
"ती सगळ्यांची आहे."
"म्हणजे कोणाचीच नाही,"
मामा म्हणायचे, आणि बोलता बोलता
डोळ्यांनीच केळीचे वाफे आखून घ्यायचे.

खोटं कशाला सांगू, भारंबेकाकूंनी मेंदी लावली.
"कुंपण नाही हो ते, मेंदी आहे."
मग झोपेंनी वांगी. मग कुणी तारेवर धुणं.

झाडं लावली रुबाब तडवींनी,
यावलकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे.
साहेब फक्कीनं गोल आखायचे, हे खड्डा घ्यायचे.
नऊ वर्षं लागली.
सत्तेचाळीस डिग्रीत रबरी नळीतून
येणारं पाणी आधी उकळतं,
ते स्वतःच्या पावलांवर सोडून
गार झालं की मग रोपाला.

एकच गोल त्यांनी हलवला.
थोरल्या पोरांच्या पिचमध्ये येत होता.
"चार हात सरकवतो, साहेबाला दिसनार नाही."
एकशे एकतीस. शिरीष.
नकाशात बघितलं. खरंच सरकलाय.

पौषात त्याच मैदानात पऱ्हाटीचा जाळ,
वांग्यांची साल तडतडायची,
सरोद्यांची एकुलती बडगी,
मुसळ मात्र ज्याच्या हाती लागेल त्याचं.
धूर सगळ्यांच्या खिडक्यांतून आत.
उन्हाळ्यात भिजवलेल्या गवतावर खाटा,
रात्री कुणी खोकलं
तर तीन घरांतून पाणी यायचं.

आता भिंतींवर लाल अक्षरं: धोकादायक.
स्लॅबच्या सळया उघड्या, वटवाघळं.
नवा नकाशाही आहे माझ्या पिशवीत,
चार उंच टॉवर, आणि चारी बाजूंनी
जाड, काळी, अखंड रेघ.
तो मी अजून पूर्ण उलगडला नाही.

संध्याकाळपर्यंत मोजून झालं.
एकसष्ट नाही: अठ्ठ्याण्णवच्या वावटळीत पडला.
बाकी सगळे हजर.

आणि एक जास्त.
आमच्या क्वार्टरच्या मागे, मोरीच्या नळाशी, कडुनिंब.
कुणी लावला नाही.
कावळ्यानं टाकलेली निंबोळी असेल,
आईचं भांड्यांचं खरकटं पाणी
वीस वर्षं त्याच्या मुळाशी गेलं.
नकाशात इथे काहीच नाही,
नुसता निळा कागद.

फोनवर साहेब म्हणाले,
"गोल नसेल तर मोजू नका, मॅडम.
आपोआप उगवलंय ते. परवानगीची भानगड नाही."

मी टेप लावला.
मग टेप ठेवून हातांनी कवळ घातली.
बोटं बोटांना पोचली नाहीत.

गोलाला जात नसते.
डब्याच्या तळाशी एवढासा रंग उरला होता.
क्रमांक: एकसष्ट.
जात: कडुनिंब.
शेरा: मूळ जागेवरून सरकवलेले.

रंग ओला आहे.
मुंगळे वाट वाकडी करून
आकड्याच्या बाजूनं वर चाललेत.